गडद-फिक्याचा हिशोब : रंगाऱ्याचे पिंप आणि पाण्यात विरघळणारी पेन्सिल

जलरंगी पेन्सिल पहिल्यांदा वापरणाऱ्याची तक्रार बहुतेक एकच असते. कोरड्या कागदावर आकाश छान फिकट निळे उतरलेले असते. त्यावर ओला ब्रश फिरतो आणि तेच आकाश एकदम गडद होऊन बसते. घाबरून तो आणखी पाणी घालतो. त्याने निळा फिका होत नाही; तो पसरतो, कडेला जाऊन साचतो आणि वाळल्यावर तिथे एक गडद रेघ उमटते. शाळेत जलरंग शिकलेल्या माणसाला याचा उलगडा होत नाही, कारण रंग फिका करायचा तर पाणी वाढवावे, हेच त्याला शिकवलेले असते.

या साध्या अडचणीचा इतिहास शोधताना मी चित्रकलेच्या पुस्तकांपासून सुरुवात केली आणि पोहोचलो ते सोलापुरातल्या सूत रंगवणाऱ्यांच्या पिंपापाशी. हा प्रवास वाटतो तितका आडवळणाचा नाही. ही पेन्सिल चित्रकाराच्या टेबलावर दिसते म्हणून आपण तिला जलरंगांची धाकटी बहीण समजतो. तिची खरी कुळी वेगळी आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी पेन्सिलीबद्दल. मराठीत आपण अजून 'शिसपेन्सिल' म्हणतो, पण तिच्यात शिसे कधीच नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेल येथे ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला. लोकांना ते काळे शिसेच वाटले आणि ती चूक जगभरच्या भाषांत जाऊन बसली. गडद-फिक्याच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १७९५. युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचे ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या करून भट्टीत भाजल्या. माती जास्त घातली की कांडी कठीण आणि रेघ फिकी. माती कमी की कांडी मऊ आणि रेघ काळी. आजच्या पेन्सिलींवरचे एच आणि बी हे याच मिश्रणाचे हिशोब. रेघेची तीव्रता हाताच्या जोरावर सोडून न देता कारखान्यात मापून ठरवता येते, ही कल्पना इथून रुजली.

रंगीत पेन्सिलीला मात्र भट्टीत घालता येत नाही, रंग जळून जातात. तिच्यात रंगद्रव्य, खडूसारखी पांढरी भरणी, डिंकाच्या जातीचा बांधणारा पदार्थ आणि मेण असते. जलरंगी पेन्सिलीत हे बांधकाम पाण्यात सुटेल असे केलेले असते, एवढाच काय तो फरक. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाच्या कारान दाश या कंपनीने 'प्रिझ्मालो' नावाची अशी पेन्सिल १९३१ साली बाजारात आणली. (कंपनीचे नाव एका फ्रेंच व्यंगचित्रकाराच्या टोपणनावावरून घेतलेले. त्याचा जन्म मॉस्कोचा, आणि रशियन भाषेत 'करान्दाश' म्हणजे पेन्सिल.) योगायोग असा की त्याच १९३१ मध्ये मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी शाईचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली आणि तिच्या रंगपेट्यांनी महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांचे हात माखले.

पण पाण्यात विरघळणारी पेन्सिल १९३१ च्या कितीतरी आधी आपल्याकडे पोहोचली होती. चित्रकारांकडे नव्हे, कारकुनांकडे. तिचे नाव कॉपिंग पेन्सिल. जुन्या मंडळींना ती 'जांभळी पेन्सिल' म्हणून आठवेल. ग्रॅफाइट आणि मातीत ॲनिलीन जातीचा रंग मिसळून १८७० च्या दशकात युरोपात या पेन्सिली निघाल्या. कोरडी असताना रेघ करडी दिसते. ओलावा लागताच ती जांभळी होऊन उठते. त्यावर ओलसर पातळ कागद दाबला की मजकुराची प्रत निघते, आणि रबराने खोडू गेले तर डाग राहतो, म्हणून पावत्या आणि नोंदवह्यांसाठी ती सोयीची. टोक जिभेला लावून लिहिण्याची सवय आणि त्याने जांभळे झालेले ओठ हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. तो रंग विषारी होता, हा भाग निराळा.

हा जांभळा रंग म्हणजे मिथिल व्हायोलेट. लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ साली डांबरापासून पहिला जांभळा कृत्रिम रंग काढला, त्यानंतरच्या काही वर्षांतले हे अपत्य. हा रंग मुळात कापडासाठी जन्मला. रेशमावर तो सरळ चढतो, सुतावर चढत नाही. सुताला आधी टॅनिन पाजावे लागते, आणि आपल्याकडे टॅनिनसाठी हिरड्यासारखा दुसरा सोपा माल नाही. कारकुनाच्या पेन्सिलीतला रंग आणि रंगाऱ्याच्या पिंपातला रंग एकच होता. जलरंगी पेन्सिलीची कुळी वेगळी आहे असे मी म्हणतो, त्याचा हा पहिला पुरावा.

आता चित्रकाराकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत, मग ती दख्खनी लघुचित्रे असोत, पोथ्यांतली असोत की पिंगुळीच्या चित्रकथींची, रंग बहुतांशी अपारदर्शक असे. फिका रंग हवा तर त्यात पांढरा मिसळायचा, ही सरळ रीत. पाणी हे रंग कालवण्याचे साधन होते, फिका करण्याचे नव्हे. पारदर्शक जलरंगाची युरोपीय रीत मराठी मुलखात कशी आली, याची एक ठळक खूण अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात सापडते. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या हाताखाली गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा पुण्याचा कारागीर काम करत होता. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शाईची रेघ आणि तिच्यावर करड्या रंगाचे पातळ थर, असे त्यांतले बरेचसे काम. लेण्याच्या आतला अंधार तो थरावर थर देऊन आणतो आणि उन्हातल्या खांबासाठी कागद उघडा ठेवतो. सवाई माधवरावांच्या दरबारात गेंडाही होता, त्याचेही चित्र गंगारामने काढले आहे, पण त्या मोहात इथे पडत नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले, तिथे कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक झाले, आणि जलरंगाचा सफाईदार हात ही मराठी चित्रकाराची ओळख बनली. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याच्या काठावर तीच वाट स्वतःच्या पद्धतीने चालली. या परंपरेत गडद-फिक्याचा सगळा खेळ ब्रशवर येण्याआधी, पॅलेटमध्ये ठरतो. रंग किती, पाणी किती, याचे मिश्रण तिथे तयार होते आणि मग कागदावर उतरते. उजेड रंगवता येत नाही, तो राखावा लागतो. पांढरा कागद हाच उजेड.

या रीतीचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण दिवाळीच्या अंकात सांगायलाच हवे. हातात समई घेतलेल्या, दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणाऱ्या स्त्रीचे चित्र आपण कॅलेंडरांवर शेकडो वेळा पाहिलेले असते. ते राजा रविवर्म्याचे असल्याचे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. रविवर्मा १९०६ साली वारले. हे चित्र १९४५-४६ चे, सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, आणि त्यासाठी उभी होती त्यांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. आणि ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावरचा सोनेरी, मागच्या भिंतीवरचा विझत जाणारा, या एकेका पायरीसाठी पाण्याचे प्रमाण वेगळे. मिश्रण पाण्यात मापण्याची कला किती दूर जाऊ शकते, याचा तो दाखला आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांनी हीच रीत गावोगाव नेली. वस्तुचित्राला बसलेला मुलगा बशीत रंग कालवतो, कोपऱ्यावर चाचणी घेतो, गडद वाटला की ब्रश पाण्यात बुडवतो. त्याच मुलाच्या हातात जलरंगी पेन्सिल आली की तो नेमका तेच करतो आणि फसतो. शिक्षकही सांगतात, पाणी वाढव. हा सल्ला खोटा नाही; तो दुसऱ्या साधनाचा आहे.

मग या साधनाचा सल्ला कुणाकडे मिळतो? सोलापूरकराला त्यासाठी लांब जायला नको. १८६० साली इथे रेल्वे आली, १८७७ साली आज 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाणारी सूतगिरणी सुरू झाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांनी शहराची पूर्व बाजू भरली. या सगळ्याच्या आधीपासून इथे रंगारी होते. १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरमध्ये निळीत सूत रंगवणाऱ्या निराळी समाजाची नोंद आहे. फॉसेट या अधिकाऱ्याने १८९६ मध्ये मुंबई इलाख्यातील रंगकामावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. १८९७ नंतर जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात उतरली आणि जुने पिंप एकेक करून बंद पडत गेले, म्हणून ही नोंद वेळेवर झाली म्हणायची.

निळीची गंमत अशी की ती पाण्यात विरघळतच नाही. पिंपात चुना आणि आंबवणारे पदार्थ घालून (दक्षिणेत त्यासाठी टाकळ्याच्या बिया वापरत) तिला आधी विरघळेल अशा रूपात आणावे लागते. सुताची लडी त्यात बुडवून वर काढली की पिवळसर हिरवी दिसते, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होते. एका बुडीत आस्मानी. पुन्हा बुडवले, पुन्हा हवा दिली, की गडद. अशा कितीतरी बुड्यांनंतर चंद्रकळेच्या काळसर निळ्याशी आपण पोहोचतो. इथे एक प्रश्न स्वाभाविक आहे : पिंपच कडक करून एका बुडीत गडद का काढत नाहीत? कारण तसे केले तर रंग सुतावर वरवर बसतो, घासले की हाताला लागतो. मवाळ पिंप आणि जास्त बुड्या, हाच टिकाऊ गडद रंगाचा मार्ग.

कुसुंब्याचे तर आणखी वेगळे. करडई हे सोलापूरचे घरचे पीक. आज तेलासाठी, पूर्वी फुलांच्या पाकळ्यांसाठीही. पाकळीत पिवळा आणि तांबडा असे दोन रंग. पिवळा साध्या पाण्याने धुऊन काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा सोडवायचा आणि लिंबासारखे आंबट घालून तो कापडावर बसवायचा. गुलाबीपासून गर्द कुसुंबीपर्यंतच्या छटा ठरतात त्या फुले किती आणि खेपा किती यांवर. पाणी दोनदा येते आणि दोन्ही वेळा रंग वाहून नेण्याचे काम करते, ठरवण्याचे नाही.

आधुनिक रंगशाळेत हाच विचार टक्क्यांत मांडतात. एक टक्का शेड म्हणजे शंभर किलो सुताला एक किलो रंग. लक्षात घ्या, टक्का सुताच्या वजनावर आहे, पाण्यावर नाही. चादरीच्या सुताची रंगाई करण्यात उभा जन्म गेलेल्या एका निवृत्त गृहस्थांना मी मुद्दाम विचारले, "काका, दहा किलो सुताला दोनशे लिटर पाण्याऐवजी तीनशे घेतलं तर शेड फिकी येणार ना?" ते हसले. "शेड टक्क्यावर येते हो. पाणी वाढलं तर थोडं मीठ वाढवायचं, वेळ द्यायचा, रंग सुतावर येतोच. पाणी कमी पडलं की मात्र डाग पडतात. पाणी सारखेपणासाठी असतं." मग थोडे थांबून म्हणाले, "आणि ओल्या लडीवर शेड ठरवू नका कधी. ओलं सूत खोटं बोलतं."

जलरंगी पेन्सिलीबद्दल मी आजवर ऐकलेले सर्वांत नेमके मार्गदर्शन हेच, आणि ते देणाऱ्याने ती पेन्सिल बहुधा कधी हातात धरलेली नाही.

ते इथे लागू कसे पडते ते पाहा. ब्रशने रंगवणारा रंग पाण्यात मापून कागदावर नेतो. पेन्सिलवाला रंग आधी कागदावर ठेवतो, कोरडाच. पाणी मागून येते. म्हणजे 'माल' आणि 'रंग' यांचे प्रमाण पाणी येण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. कोरडी रेघ फिकी दिसते, कारण कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर रंग फक्त उंचवट्यांना लागलेला असतो. मधले खळगे पांढरेच राहतात आणि डोळा दोहोंची सरासरी काढतो. पाणी त्या उंचवट्यांवरचा रंग सोडवून खळग्यांत नेते, पांढरे झाकले जाते आणि छटा गडद भासते. रंग वाढलेला नसतो, तो फक्त सर्वत्र पोहोचलेला असतो. शिवाय ओल्यात सगळेच गडद दिसते. ते ओल्या लडीचे खोटे बोलणे इथेही आहे.

मी जलरंगाच्या जाड कागदावर एकच निळी पेन्सिल घेऊन दोन ओळींत चौकोन काढून पाहिले. पहिल्या ओळीत पेन्सिल मागच्या टोकाला सैल धरून एक, दोन, तीन आणि चार असे हलके थर दिले, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, आणि चौघांवर सारख्याच ओल्या ब्रशचा एकेक फेरा. वाळल्यावर आस्मानीपासून गर्द निळ्यापर्यंत चार स्वच्छ पायऱ्या मिळाल्या. दुसऱ्या ओळीत चारही चौकोनांवर दोनच थर दिले आणि पाणी मात्र कमी-जास्त केले. इथे छटा जवळपास एकच आली. सगळ्यात कमी पाण्याच्या चौकोनात पेन्सिलीच्या रेघा तशाच राहिल्या, सगळ्यात जास्त पाण्याच्या चौकोनात कडेला रंगाची किनार साचली. काकांच्या शब्दांत, डाग.

एका पाचव्या चौकोनावर जोर देऊन एकाच थरात गडद करायचा प्रयत्न केला, म्हणजे कडक पिंपाची एक बुडी. कागदाचा खरबरीतपणा दबून गेला, मेणाचा पातळ तवंग बसला, आणि पाणी फिरवल्यावरही रेघा पुरत्या सुटल्या नाहीत. निळीच्या रंगाऱ्याला हे सांगावे लागले नसते.

म्हणून शिकणाऱ्याने काय करावे, हे आता अवघड नाही. हवी त्या छटेपेक्षा कोरडे काम एक पायरी फिके ठेवावे. गडद हवे तिथे पाणी पूर्ण वाळू द्यावे आणि मग दुसरी बुडी, म्हणजे नवा कोरडा थर आणि नवे पाणी, द्यावी. अगदी फिका रंग हवा तर थर विरळ काढावा किंवा रंग थोड्याच भागात लावून ओल्या ब्रशने बाहेर ओढत न्यावा, म्हणजे तेवढाच रंग जास्त कागदाला पुरतो. शंभर किलोच्या रंगात दोनशे किलो सूत रंगवल्यासारखे. पेन्सिलीच्या टोकावरून ओल्या ब्रशने सरळ रंग उचलला तर गोष्ट बदलते. तेव्हा ती पेन्सिल म्हणजे जलरंगाची वडीच, आणि तिथे हळदणकरांचा नियम चालतो. दोन रीतींची सरमिसळ न करता कोणत्या वेळी कोणती चालू आहे हे ओळखणे, इतकेच शिकायचे आहे.

सोलापुरी चादरीत गडद-फिक्याची तिसरीही एक रीत लपलेली आहे. जॅकार्डच्या नक्षीसाठी आधी चौकटींच्या कागदावर एकेक चौकोन भरतात, त्यावरून छिद्रांची कार्डे होतात. तिथे चौकोन एक तर भरलेला असतो किंवा रिकामा. अर्धा भरलेला चौकोन नसतो. तरी विणल्यावर दोन रंगांचे धागे जवळजवळ आले की लांबून तिसरीच मधली छटा दिसते. पेन्सिलीच्या विरळ रेघांमधून दिसणारा कागद हेच करतो. म्हणूनच कधी कधी पाणी न लावता सोडून दिलेला भाग चित्रात सर्वांत जिवंत वाटतो.

आपल्या कलेच्या इतिहासात जे. जे. आहे, कोल्हापूर आहे, आणि ते असायलाच हवे. निराळी आणि रंगारी मात्र गॅझेटिअरच्या जातींच्या यादीत आणि धंद्यांच्या प्रकरणात राहिले. त्यांना काय येत होते, याची दखल चित्रकलेच्या वर्गाने कधी घेतली नाही. छटांच्या पायऱ्या न चुकता पुन्हा पुन्हा काढणे, तेही दर खेपेला वेगळ्या पाण्यात आणि वेगळ्या सुतावर, हे शास्त्रच होते. सोलापुरातल्या एखाद्या कलाशिक्षकाने वर्गाला रंगशाळेत नेऊन शेडकार्ड दाखवले, तर पेन्सिलीचा धडा अर्ध्या तासात संपेल. पिंपावर उभे राहून काम केलेली माणसे मात्र आता थोडी उरली आहेत आणि तीही थकली आहेत; भेट लांबवण्यासारखी नाही.

रद्दीतून उचललेली कॉपिंग पेन्सिलीच्या नोंदींची एक जुनी वही माझ्याकडे आहे. कुठल्याशा पावसाळ्यात तिच्यात ओल शिरली असावी, कारण प्रत्येक पानाचा खालचा भाग जांभळा झाला आहे. नोंदी दोन हातांच्या आहेत. एकजण दाबून लिहिणारा. त्याचे आकडे फुटून गर्द जांभळे डाग झाले आहेत, बेरीज वाचता येत नाही. दुसऱ्याचा हात हलका. त्याच पानावर, त्याच ओलीत, त्याच्या ओळी फिकट जांभळ्या होऊन थांबल्या आहेत, आणि पै-आण्यांसकट सगळा हिशोब अजून लागतो.